बैठकीत हजर नसलेले हक्कदार



हिजरतनंतर आदरणीय प्रेषित (स.) मदीनेत पोहोचले, तेव्हा मशिदीसाठी जी जागा निश्चित झाली ती मोकळी होती, पण बेवारस नव्हती. तेथे खजूर वाळत घातले जात. सहल आणि सुहैल या दोन यतीम मुलांची ती मालकी होती आणि ही मुले हजरत असअद बिन जुरारा (रजि.) यांच्या आश्रयाला होती. प्रेषितांनी (स.) मुलांना बोलावून जागेची किंमत विचारली. किंमत नको, आम्ही ती अशीच देतो, असे मुलांनी सांगितले. सहीह बुखारीतील हिजरतविषयक दीर्घ हदीसमध्ये नमूद आहे की प्रेषितांनी (स.) ती जागा भेट म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. ती विकत घेतली गेली आणि मगच बांधकाम सुरू झाले.

हा प्रसंग आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. पण आज तो एका निराळ्या बाजूने पाहावा, अशी विनंती आहे. काम सर्वांत पवित्र होते. मागणारे स्वतः अल्लाहचे प्रेषित होते. देणारे राजी होते, नव्हे उत्सुक होते. अशा वेळी आपल्यापैकी कोणतीही कमिटी काय म्हणाली असती? ‘माशाअल्लाह, मुलांना सवाब मिळेल’ असे म्हणून पाच मिनिटांत ठराव झाला असता. परंतु यतीम मुलाची राजीखुशी ही पुरती राजीखुशी नसते. अल्पवयीन मुलाने आपल्या मालमत्तेतून केलेले दान फिकहच्या दृष्टीने ग्राह्य धरले जात नाही, हे मदरशाच्या प्राथमिक वर्गातला विद्यार्थीही सांगेल. मशिदीचा लाभ आणि यतीमाचा हक्क समोरासमोर आले, तेव्हा हक्क आधी अदा झाला आणि लाभ नंतर आला.

आज आपल्या गावोगावी संस्था आहेत. मशिदीची जमात कमिटी, मदरसा, बैतुलमाल, शिष्यवृत्ती देणारा ट्रस्ट, कब्रस्तानची व्यवस्था पाहणारे मंडळ. कोकणातल्या एखाद्या लहानशा गावाच्या जमातीचा कारभारही आता आखाती देशांतून आणि दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या देणग्यांवर चालतो. या संस्थांशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्यांना व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ‘हितसंबंधी’ म्हणतात. आपल्याकडे त्याहून नेमका आणि अधिक जड शब्द आहे : हक्कदार. हितसंबंध जपले जातात, जुळवले जातात, कधी बाजूलाही ठेवले जातात. हक्क मात्र अदाच करावा लागतो, आणि अदा न झाल्यास तो कयामतपर्यंत मागे येतो. शिवाय ‘हितसंबंधी’ मोजू लागलो की ज्याचे वजन जास्त तो आपोआप यादीत वर चढतो. हक्कदार मोजताना वजनाचा प्रश्न येत नाही. कोणाचे काय देणे आहे, एवढेच पाहावे लागते.

सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अल्लाहची आज्ञा आहे की अमानती ज्यांच्या त्यांना पोचत्या कराव्यात आणि लोकांमध्ये निवाडा करताना न्यायाने करावा. भाष्यकार या आयतीचा संबंध मक्का विजयाच्या प्रसंगाशी जोडतात. काबागृहाची किल्ली हजरत उस्मान बिन तलहा (रजि.) यांच्या घराण्याकडे परंपरेने होती. विजयाच्या दिवशी ती प्रेषितांच्या (स.) हाती आली. हा मान आपल्या घराण्याला मिळावा, अशी इच्छा जवळच्या नातलगांनी व्यक्त केल्याचेही वर्णन आहे. किल्ली उस्मान बिन तलहा यांनाच परत देण्यात आली आणि आजही ती त्याच कुळाकडे, बनू शैबाकडे आहे. विजेत्याने नातलगाला बाजूला ठेवून जुन्या अमानतदाराला किल्ली परत करावी, हे या आयतीचे पहिले प्रात्यक्षिक. आपल्या कमिट्यांमध्ये कपाटाच्या किल्ल्यांवरून काय काय होते ते आपण जाणताच.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. ती माझ्या पदराला लागलेली आहे, म्हणून गावाचे व लोकांचे नाव न घेता सांगणे योग्य.

फरागतनंतर माझी पहिली इमामत पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी होती. मशिदीच्या दर्शनी भागात वक्फचे सहा गाळे होते. त्यांपैकी चौथ्या गाळ्यात एक शिंपी बसत असत. त्यांचा इंतकाल झाल्यावर त्यांच्या पत्नीने तेच काम पुढे चालू ठेवले. भाडे महिना नऊशे रुपये, कित्येक वर्षांत न बदललेले. त्याच सुमारास गावातल्या एका मातब्बर गृहस्थांनी मशिदीचा वजूखाना नव्याने बांधून देण्याची तयारी दाखवली. देणगी मोठी होती. आणि चहा घेताघेता त्यांनी असेही सुचवले की आपल्या भाच्याला मोबाइलचे दुकान काढायचे आहे, रस्त्याकडचा गाळा मिळाला तर बरे. भाडे तो पाच हजार देईल.

बैठकीला कमिटीचे अकरा जण होते आणि दुआसाठी मला बसवले होते. चर्चा फार झाली नाही. नमाजींना सोय होईल, मशिदीचे उत्पन्न वाढेल, देणगीदार नाराज होणार नाहीत. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या बाईंना दोन महिन्यांची मुदत द्यावी, असे कोणी तरी म्हणाले आणि सर्वांना ते उदारपणाचे वाटले. मला काय वाटते असे अध्यक्षांनी विचारले. माझा पगार त्याच कमिटीकडून येत होता आणि लग्न होऊन चारच महिने झाले होते. ‘आपण सर्व जाणकार आहात’ असे मी म्हणालो आणि दुआ केली.

या निर्णयात चूक नेमकी कोठे झाली, ते पाहण्यासारखे आहे; कारण ती वरवर दिसते तेथे नाही. अनेक वाचक म्हणतील, विधवेला काढले हीच चूक. पण फिकहचा नियम कठोर आहे. वक्फची मालमत्ता प्रचलित वाजवी भाड्यापेक्षा कमी भाड्याने देणे हनफी फकीह मान्य करत नाहीत. मुतवल्ली स्वतःच्या खिशातून हवी तेवढी दया करू शकतो, वक्फच्या उत्पन्नातून नव्हे. नऊशे रुपये भाडे चालू ठेवण्यात त्या बाईंवर मेहेरबानी होती, पण ती मेहेरबानी वाकिफच्या, नमाजींच्या आणि त्या उत्पन्नावर ज्यांचा ज्यांचा हक्क होता त्या सर्वांच्या पैशांतून चालली होती. म्हणजे कमिटीने आधी अनेक वर्षे एक चूक केली, आणि मग ती सुधारण्याच्या निमित्ताने दुसरी केली.

करायला हवे होते ते असे. भाडे वाजवी दरावर आणायचे आणि तसे त्या बाईंना वेळ देऊन आधी कळवायचे. त्यांना ते परवडत असेल तर त्यांचा जुना व्यवहार चालू ठेवायचा. परवडत नसेल आणि त्या जकातीस पात्र असतील, तर त्यांची मदत बैतुलमालमधून, जकातीच्या खात्यातून करायची. तेथे त्यांचा हक्क कुरआननेच ठरवून दिलेला आहे. गाळा रिकामा झालाच, तर तो जाहीरपणे भाड्याने द्यायचा. भाच्याने इतरांबरोबर यावे, जास्त भाडे बोलले तर घ्यावा. आणि देणगीदार साहेबांना स्पष्ट सांगायचे की वजूखान्याची देणगी हा एक विषय, गाळा हा दुसरा विषय. दोन्ही एका बैठकीतसुद्धा घेणार नाही. असे सांगितल्यावर देणगी आली असती तर ती अल्लाहसाठी होती. न आली असती तर वजूखान्याची किंमत त्या बाईंनी भरली असती, एवढे तरी उघड झाले असते.

यांपैकी एकही गोष्ट त्या बैठकीत सुचली नाही, याचे कारण तेथे बसलेले लोक वाईट होते असे नाही. त्यांतले काही तहज्जुद पढणारे होते. कारण एवढेच की वजूखाना समोर होता, देणगीदार समोर होते, भाचा दारात उभा होता. आणि ज्यांच्यावर निर्णयाचा सर्वाधिक परिणाम होणार होता त्या खोलीत नव्हत्या. मानवी मन समोर असलेल्याचा हक्क सहज ओळखते. गैरहजर माणसाचा हक्क ओळखण्यासाठी तकवा लागतो. संस्थेच्या निर्णयातली नीती बहुतेक वेळा याच एका प्रश्नावर येऊन ठरते : जो येथे बसलेला नाही, त्याच्या बाजूने कोण बोलले?

गैरहजर हक्कदारांमध्ये सर्वांत जास्त गैरहजर असतो तो मरण पावलेला दाता. ज्याने साठ वर्षांपूर्वी शेत वक्फ केले, तो बैठकीत येऊन आपली अट सांगू शकत नाही. म्हणूनच फुकहांनी वाकिफच्या अटीला फार मोठे वजन दिले. हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली तेव्हा तिचे काय करावे हे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले आणि मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न सदका केले. ती विकली जाणार नाही, दान दिली जाणार नाही, वारसाहक्काने जाणार नाही. उत्पन्न गरीब, नातलग, गुलामांची मुक्तता, अल्लाहचा मार्ग, प्रवासी आणि पाहुणे यांच्यासाठी. आणि व्यवस्था पाहणाऱ्याने रिवाजाप्रमाणे त्यातून खावे, पण संपत्ती साठवू नये. बुखारी व मुस्लिम दोहोंमध्ये ही हदीस आहे. किती थोडक्यात सर्व हक्कदारांची नोंद झाली आहे पाहा. व्यवस्थापकसुद्धा सुटला नाही, त्याचा हक्कही सांगितला आणि मर्यादाही.

जिवंत दात्याच्या बाबतीत चूक अधिक सहज होते. जकातीच्या खात्यात पैसे पडून आहेत, छताचे काम अडले आहे, ‘तात्पुरते घेऊ, रमजानमध्ये परत टाकू’ असे म्हटले जाते. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार ठरवून दिलेले आहेत. हनफी असोत की आपले कोकणातले शाफई बांधव, मशिदीच्या बांधकामावर जकात खर्च करता येत नाही, याबाबत चारही मजहबांची भूमिका एकच आहे. ज्याने जकात दिली त्याचे फर्ज अडकून राहिले आणि ज्या गरिबाला ती मिळायची होती त्याच्या घरी चूल अडली. दोघांनाही याचा पत्ता नाही. छत मात्र सर्वांना दिसते आणि त्याचे कौतुक होते.

देणगीदारांकडून आणि ठेकेदारांकडून येणाऱ्या ‘प्रेमाच्या’ भेटीबद्दल वेगळे लिहायला नको, इब्नुल्लुत्बिय्या यांची हदीस पुरेशी आहे. त्यांना जकात वसुलीसाठी पाठवले होते. परत आल्यावर त्यांनी मालाचे दोन भाग केले : हे आपले, आणि हे मला भेट मिळाले. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि अशा माणसाविषयी त्यांनी विचारले की तो आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? आपल्याकडच्या पदाधिकाऱ्यांनी दिवाळी-ईदच्या मिठाईपासून उमराहच्या तिकिटापर्यंत प्रत्येक वस्तू या एका प्रश्नाखाली धरून पाहावी. मिठाई बहुतेक वेळा उत्तीर्ण होईल. तिकिटाचे सांगता येत नाही. वसुलीवर टक्केवारी घेणाऱ्या सफीरांचा प्रश्नही येथेच येतो. अनेक मुफ्तींनी टक्केवारीचा हा करार नाजायज ठरवला आहे. निश्चित पगार द्यावा, चांगला द्यावा, पण ज्या पैशाचा तो अमानतदार आहे त्याच पैशात त्याला भागीदार करू नये.

आता नोकरवर्गाविषयी. येथे मी सावधपणे लिहितो, कारण मी स्वतः पगारी इमाम आहे आणि या परिच्छेदात माझा हितसंबंध आहे. वाचकांनी तो लक्षात घेऊनच हे तोलावे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस आपण बांधकामाच्या मजुरांसाठी सांगतो. मुअज्जिनसाठी सांगत नाही. बुखारीतील एका हदीसे कुदसीत अल्लाहने ज्या तिघांविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः वादी होण्याचे म्हटले आहे, त्यांपैकी एक म्हणजे मजुराकडून काम पुरते करून घेऊन त्याची मजुरी न देणारा. १९९३ साली आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही इमामांना पारिश्रमिक मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. पण आमची सोय करा असा माझा आग्रह नाही. इमामाला निदान मिंबर असतो. मदरशात लहान मुलींना शिकवणाऱ्या मुअल्लिमेला तोही नसतो. शाबान-रमजानच्या सुट्टीत तिचा पगार बंद करायचा आणि शव्वालमध्ये तिनेच परत यावे अशी अपेक्षा ठेवायची, हा रिवाज कित्येक ठिकाणी आहे. सुट्टीतला पगार देणार की नाही हे नेमणुकीच्या वेळी कोणी बोललेले नसते. न बोललेल्या अटीचा फायदा नेहमी ज्याच्या हातात वही असते त्यालाच मिळतो. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकरहची २८२ वी, व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे आणि तीत आज्ञा अशी आहे की मजकूर सांगावा तो देणेकऱ्याने. म्हणजे ज्याच्यावर बोजा आहे त्याच्याच तोंडून अटी लिहिल्या जातात. त्या त्याला नंतर कळत नाहीत. मुअल्लिमेच्या नेमणुकीचे पत्र कोणी लिहिले आणि तिने ते वाचले होते का, हे तपासून पाहावे.

शेजारी हा आणखी एक हक्कदार, आणि येथे आपण सर्वाधिक बचावात्मक होतो. मशिदीचा शेजारी अनेकदा मुस्लिमेतर असतो. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला गोश्त पाठवले का, हे ते पुन्हा विचारत, कारण शेजाऱ्याच्या हक्काविषयी जिब्रील (अ.) यांनी केलेल्या ताकिदीची हदीस त्यांना आठवत होती. या कसोटीवर जुम्याच्या दिवशी शेजारच्या किराणा दुकानासमोर लावलेल्या आपल्या तीस-चाळीस गाड्या पाहा. दीड तास त्याचे गिऱ्हाईक आत येऊ शकत नाही. तो बोलत नाही, कारण बोलला तर त्याचा अर्थ काय काढला जाईल याची त्याला भीती आहे. त्याच्या गप्प राहण्याला आपण त्याची संमती समजतो. रात्री उशिरापर्यंत बाहेरच्या भोंग्यावर चालणाऱ्या बयानाचेही तेच. देशाच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ शांततेची म्हणून राखलेली आहे. पण कायदा नसता तरी आजारी शेजाऱ्याचा हक्क होताच. सूरह माइदाच्या ८ व्या आयतीत तर एखाद्या समूहाशी असलेले वैरसुद्धा आपल्याला न्यायापासून ढळवू शकत नाही, असे बजावले आहे. येथे वैरही नाही, फक्त दुर्लक्ष आहे.

‘इतरही असेच करतात’ हे उत्तर मी अनेक बैठकांत ऐकले आहे. ते खरेही असेल. इतरांचा हिशेब इतर देतील.

जहाजाची हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. काही लोक वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून आपल्याच भागात भोक पाडावे, असा विचार त्यांनी केला. वरच्यांनी त्यांना अडवले नाही तर सर्व बुडतील, अडवले तर सर्व वाचतील. खुत्ब्यांमध्ये या हदीसचा रोख नेहमी खालच्यांच्या मूर्खपणाकडे असतो, आणि वाईटापासून रोखणे हा तिचा मूळ आशय आहेच. मला मात्र आणखी एक गोष्ट दिसते. ती माझी समजूत आहे, भाष्यकारांवर तिचा भार नको. खालच्यांची तहान खरी होती. वर जाण्यायेण्याने आपण कोणाला तरी त्रास देतो आहोत, असे त्यांना वाटत होते. कमिटीने भाडेकरूला, मुअल्लिमेला, शिष्यवृत्ती मागायला आलेल्या मुलाला आपल्या दारात उभे राहणे असेच अवघड केले असेल, तर तो एक दिवस आपल्या हिश्श्यात भोक पाडेल. कोर्टात जाईल किंवा वर्तमानपत्रात. मग आपण त्याला जमातीचा शत्रू म्हणू.

एकट्या माणसाच्या चुकीपेक्षा संस्थेची चूक जड का, याचे कारण तौबाच्या अटींत आहे. बंद्यांचे हक्क बंद्यांनी माफ केल्याशिवाय सुटत नाहीत. मी एका दुकानदाराचे शंभर रुपये बुडवले तर त्याच्याकडे जाऊन माफी मागू शकतो. पण हजार लोकांच्या वर्गणीतून झालेल्या गैरखर्चाची माफी कोणाकडे मागायची? त्यांतले काही मरण पावले, काही कुवेतला आहेत, काहींची तर पावतीवर नावेच नाहीत. खैबरहून परतताना एक सेवक बाण लागून मरण पावला. लोक म्हणाले, त्याला शहादत लाभली. प्रेषितांनी (स.) सांगितले की वाटणीपूर्वी गनीमतीच्या मालातून त्याने जी चादर घेतली ती त्याच्यावर आग होऊन पेटत आहे. हे ऐकून एक जण चपलेचे एकदोन बंद घेऊन आला. चपलेचा बंद! तो सर्वांच्या समाईक मालातला होता, म्हणून त्याची गणती झाली. अकरा जणांनी सही केलेल्या ठरावात प्रत्येकाला वाटते की आपल्या वाट्याला चुकीचा अकरावा हिस्सा आला. वर जो कमिटीवर नाही तो म्हणतो, माझा काय संबंध. पण पाप भागिले अकरा असा हिशेब मला कुठल्याही किताबात आढळला नाही.

यावर उपाय म्हणून एखादी आदर्श नियमावली देण्याचा माझा अधिकार नाही. धर्मादाय आयुक्तांकडे वा वक्फ मंडळाकडे हिशेब जातातच, आणि ते वेळेवर जावेत. कायद्याने घातलेली ही अट अमानतीचाच भाग समजावी. पण लेखापरीक्षकाला आकडे दिसतात, शिवणयंत्र दिसत नाही. म्हणून मी आता ज्या मशिदीत आहे तेथे एका साध्या गोष्टीचा आग्रह धरला आणि ज्येष्ठांनी तो मान्य केला. इतिवृत्ताच्या वहीत प्रत्येक ठरावाखाली एक ओळ लिहायची : या निर्णयाने कोणावर परिणाम होईल, आणि त्याला विचारले काय? ज्या सदस्याचा अथवा त्याच्या नातलगाचा विषयाशी संबंध असेल त्याने तेवढा वेळ बाहेर बसायचे. दोन हक्क एकमेकांना आडवे आले तर फुकहांचा सर्वमान्य क्रम पाळायचा : लाभ मिळवण्याआधी नुकसान टाळायचे. आणि मुतवल्लीचे अधिकार ज्यांच्यासाठी ते आहेत त्यांच्या भल्यापुरतेच आहेत, हा कायदाही लक्षात ठेवायचा. उस्मानी काळातील ‘मजल्ला’ या संहितेने तो ५८ वे कलम म्हणून नोंदवला आहे. सुरुवातीला ती एक ओळ लिहिताना सर्वांना अवघड वाटले. एकदा तर पाऊण तास गेला. गुसलखान्याच्या दुरुस्तीचा विषय होता आणि मय्यतला गुस्ल देणाऱ्या वृद्ध बाबांना कोणी विचारलेच नव्हते. पाण्याचा नळ ज्या बाजूला घेण्याचे ठरले होते त्या बाजूने त्यांना वाकता येत नव्हते.

आपल्या मोहल्ल्यातही कमिटीची वार्षिक सभा होत असेल. आपण केवळ वर्गणीदार असाल तरी सभेला जावे. कमिटीवर असाल तर पुढच्या बैठकीपूर्वी विषयपत्रिका घरी घेऊन जा आणि घरातल्या स्त्रियांना दाखवा. गल्लीतले कोण कोणत्या अडचणीत आहे, कोणत्या गाळ्याचे भाडे कशातून येते, हे कमिटीपेक्षा त्यांना अधिक माहीत असते. त्या दिवशी आमच्यापैकी एकाच्याही घरी ही चर्चा झाली असती, तर चौथ्या गाळ्यातले शिवणयंत्र अजून कर्जावर होते हे आम्हाला कळले असते. मला ते गाळा रिकामा झाल्यावर माझ्या पत्नीने सांगितले.

वजूखाना झाला, चांगला झाला. पुढची दोन वर्षे मी त्यातच वुजू केले. गेल्या वर्षी एका निकाहच्या निमित्ताने त्या गावी जाणे झाले, तेव्हा पत्ता विचारत त्या बाईंच्या घरी गेलो. त्या आता घरीच शिवतात. मी दारातच उभा राहून आलो कशासाठी ते सांगितले आणि माफी मागितली. त्यांनी पाणी दिले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘मौलाना, तुम्हाला मी कधीच माफ केलं. तुम्ही तर नवीन होता. फक्त एक सांगा, त्या दिवशी माझं नाव तरी कोणी घेतलं होतं का?’’

मला वही आठवत होती. तीत ‘गाळा क्रमांक ४’ एवढेच लिहिलेले होते. मी त्यांना तसे सांगितले.